दोन ताऱ्यांचा गडी

लेखाचे नाव वाचून हा ज्योतिषावरचा लेख असावा, असा कोणाचा समज झाला असेल तर तो आधीच दूर करते. मी ज्या ताऱ्यांविषयी लिहिणार आहे ते आकाशातले नाहीत, संगणकाच्या पडद्यावरचे आहेत. आणि गडी म्हणजे बेसबॉलचा खेळाडू. बेसबॉलचा सामना मी आयुष्यात प्रत्यक्ष पाहिलेला नाही. आमच्या गावात क्रिकेट चालते, तेही सुगी आटोपून रान मोकळे झाल्यावर. तरीसुद्धा गेले वर्षभर मी रात्री अभ्यास उरकला की अमेरिकेतला एक बेसबॉल संघ चालवते. त्या संघातल्या एका अगदी सामान्य खेळाडूने मला असे काही विचारात पाडले की, त्यावर चार शब्द लिहिल्यावाचून राहवेना.

हे कसे घडले ते थोडक्यात सांगते. वसतिगृहात माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला तिच्या भावाने आपला जुना संगणक दिला. त्यात 'आउट ऑफ द पार्क बेसबॉल' या खेळाची एक जुनी आवृत्ती होती. मार्कुस हाइन्सोन नावाच्या एका जर्मन माणसाने हा खेळ रचला आणि १९९९ साली त्याची पहिली आवृत्ती निघाली. खेळ म्हटल्यावर डोळ्यांपुढे धावणारी, उड्या मारणारी चित्रे येतात. इथे तसले फारसे काही नाही. इथे आपण बॅट हाती घ्यायची नसते, तर संघाचा कारभार पाहायचा असतो : कोणाला घ्यायचे, कोणाला सोडायचे, कोणाला खेळवायचे आणि कोणाला बाकावर बसवायचे. सारा मामला तक्त्यांचा आणि आकड्यांचा. एकदा आमच्या रेक्टरबाई अचानक खोलीत डोकावल्या. पडद्यावरचे आकड्यांचे रकाने पाहून त्यांना आम्ही संख्याशास्त्राचा अभ्यास करतो आहोत असे वाटले आणि "चालू द्या" म्हणून त्या समाधानाने निघून गेल्या. आज विचार करते तेव्हा वाटते, बाईंचे फारसे चुकले नव्हते.

या खेळात प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे तारे असतात. जास्तीत जास्त पाच. काही तारे आजच्या कुवतीचे, काही उद्याच्या शक्यतेचे. ताऱ्यांच्या पोटात तपशील असतो : चेंडूला बॅट लावण्याची हातोटी, लांब टोला मारण्याची ताकद, वाईट चेंडू सोडून देण्याची नजर, क्षेत्ररक्षण, वगैरे. हे गुण २० ते ८० या मोजपट्टीवर दाखवता येतात. ही मोजपट्टी खऱ्या बेसबॉलमधली. खेळाडू हेरत गावोगाव हिंडणारे जे स्काउट असतात ते तीच वापरतात. ५० म्हणजे वरच्या लीगमधला मध्यम खेळाडू. पण मौज अशी की, पडद्यावर दिसणारा आकडा हा खेळाडूचा खरा गुण नसतो. तो आपल्या स्काउटचा अंदाज असतो. खरा गुण संगणकाच्या पोटात दडलेला. स्काउटची नजर किती तेज ठेवायची हेही आधी ठरवता येते. पण साधारणपणे तो थोडाफार चुकतोच.

माझ्या संघात दुसऱ्या बेसवर खेळणारा सव्वीस वर्षांचा एक गडी होता. तारे दोन. आमच्या खोलीत त्याचे नाव आम्ही 'दोनतारी' ठेवले होते. मुख्य खेळाडू जखमी झाला म्हणून नाइलाजाने त्याला उतरवले, आणि पठ्ठ्याने पहिल्या शंभर खेपांत ३४ वेळा चेंडू यशस्वीपणे मारून बेस गाठला. क्रिकेटवाल्यांना हे हसण्यासारखे वाटेल. पण बेसबॉलमध्ये दहातल्या तीन खेपा ज्याला साधतात तो मोठा फलंदाज. अडीच साधणारा सामान्य. म्हणजे दोनतारी एकदम थोरांच्या पंगतीला जाऊन बसला होता.

मैत्रीण म्हणाली, "आत्ताच विकून टाक. भाव आला आहे. ही नशिबाची करामत आहे."

मला तिचा राग आला. का आला ते तेव्हा कळले नाही. आता कळते.

बारावीला मला ५१ टक्के मिळाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. पहिल्या वर्षी अर्थशास्त्राच्या एका पेपरात मी वर्गात पहिली आले तेव्हा अभिनंदन पुष्कळांनी केले, पण एका मुलीचे शब्द कानावर आले : "लागला असेल मटका." दोनतारीविषयी मैत्रीण बोलली आणि मला ते माझ्याविषयीच वाटले.

पण रागाने हिशेब चुकत नाही, आणि मैत्रिणीचा हिशेब बरोबर होता. अर्थशास्त्राच्या तासाला आम्हांला प्रमाण विचलन शिकवतात. ते एकदा परीक्षेबाहेर वापरून पाहावे म्हणून मी कागद घेऊन बसले. समजा, एका खेळाडूची खरी कुवत शंभरात २५ ची आहे. त्याला शंभर खेपा दिल्या तर दर वेळी नेमके २५ पडणार नाहीत. तीनांतून दोनदा आकडा साधारण २१ ते २९ मध्ये राहील. ३४ किंवा त्याहून अधिक पडण्याचा संभव शंभरात अडीच-तीनच. म्हणजे विरळाच म्हणायचा. पण अमेरिकेच्या वरच्या लीगमध्ये संघ ३० आहेत, आणि प्रत्येक संघात असे बाकावरचे तीन-चार फलंदाज असतात. म्हणजे शंभरेक गडी झाले. त्यांतले दोन-तीन जण दर हंगामात केवळ योगायोगाने तेजस्वी दिसणारच! त्यांना पाहून आपण म्हणणार, "बघा, स्काउट कसा फसला!" फसलेले असतो आपण.

याचे खरे उदाहरणही आहे. २००६ च्या एप्रिलमध्ये डेट्रॉइट संघाच्या ख्रिस शेल्टनने पहिल्या १३ सामन्यांत ९ होमरन मारले. होमरन म्हणजे आपल्या षटकारासारखा मैदानापार टोला. जुलै संपता संपता त्याची रवानगी दुय्यम संघात झाली होती. सबंध वर्षाचे त्याचे होमरन भरले १६.

बेसबॉलमध्ये दैवाचा हात मोठा असतो. फलंदाजाने मारलेला चेंडू मैदानात पडला की तो क्षेत्ररक्षकाच्या हाती जाणार की दोघांच्या मधून निसटणार, हे बरेचसे नशिबावर असते. असे चेंडू शंभरात तीसेक वेळा निसटतात. २००१ साली व्होरोस मॅक्रॅकन याने दाखवून दिले की, या बाबतीत चेंडू फेकणाऱ्या पिचरच्या हाती लोक समजत होते त्याहून फार कमी असते. माझ्या संघात दीड ताऱ्याचा एक पिचर अर्धा हंगाम असाच चमकला. मी हट्टाने त्याला ठेवून घेतले. उरलेल्या अर्ध्या हंगामात त्याने मला इतके सामने हरवून दिले की, संघाच्या मालकाने मला ताकीद दिली. मालकही अर्थात संगणकातला. पण ताकीद ती ताकीद!

इथवर वाचून प्राध्यापक मंडळी म्हणतील, मग तारेच खरे म्हणायचे. गुणपत्रिकाच खरी म्हणायची.

तसे नाही. नाण्याला दुसरी बाजू आहे, आणि ती पाहण्यासाठी दोनतारीच्या दुसऱ्या हंगामाकडे जावे लागेल. मी त्याला विकले नाही. दुसऱ्या वर्षी त्याला सबंध हंगामभर खेळवले. पाचशेच्या वर खेपा झाल्या. खेपा वाढल्या की दैवाचे धुके विरळ होते. शंभर खेपांत जो आकडा चार-पाच टक्क्यांनी सहज इकडेतिकडे होतो तो पाचशे खेपांत दोन टक्क्यांच्या आतबाहेर राहतो. दोनतारीची सरासरी ३४ वरून २६ वर उतरली. मैत्रिणीने माझ्याकडे पाहिले. बोलली काही नाही. पण मी तक्त्याचा पुढचा रकाना तिला दाखवला. वाईट चेंडू सोडून देऊन, फलंदाजी न करता मिळणारा पहिला बेस त्याने इतक्या वेळा कमावला होता की, एकंदर शंभरात ३६ वेळा तो बेसवर पोहोचत होता. आमच्या संघात त्याच्याहून अधिक वेळा पोहोचणारा एकच होता, आणि त्याला साडेचार तारे होते! दोनतारीचे तारे कमी होते ते ताकद नाही, वेग नाही म्हणून. नजर मात्र पक्की होती. ताऱ्यांच्या बेरजेत ती नजर बुडून गेली होती.

तेव्हा कमी ताऱ्यांचा गडी जास्त खेळतो त्यामागे दोन अगदी निराळी कारणे असतात. एक, निव्वळ दैव, ते ओसरते. दुसरे, मोजपट्टीला न दिसलेला गुण, तो टिकतो. पहिल्या शंभर खेपांत दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात.

मोजपट्टीचा आंधळेपणा खऱ्या बेसबॉलमध्ये एका माणसाने अगदी चिकाटीने उघडा पाडला. बिल जेम्स त्याचे नाव. कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी, डबाबंद अन्नाच्या कारखान्यात तो रात्रपाळीचा पहारेकरी होता. पहारा करता करता तो बेसबॉलच्या आकड्यांवर विचार करी. १९७७ साली त्याने आपल्या खर्चाने पहिली पुस्तिका काढली. तोवर लोक फलंदाजाची सरासरी पाहत. जेम्सने सांगितले की, आउट न होता बेस गाठणे हाच धावांचा उगम आहे. पंचवीस वर्षांनी, २००२ साली, ओकलंड संघाने त्याच वाटेने जाऊन दाखवले. न्यूयॉर्क यांकीज संघाचा खेळाडूंवरचा खर्च त्या वर्षी सुमारे साडेबारा कोटी डॉलर होता. ओकलंडचा सुमारे चार कोटी. दोघांनीही १०३ सामने जिंकले. ओकलंडने त्यात सलग २० सामने जिंकले. विसाव्या सामन्यात निर्णायक होमरन मारणारा स्कॉट हॅटबर्ग हा पूर्वीचा यष्टिरक्षकासारखा खेळाडू. कोपर दुखावल्याने त्याला पूर्वीसारखा चेंडू फेकता येईना, म्हणून तो इतरांच्या लेखी संपल्यात जमा होता. ओकलंडने त्याची नजर पाहिली, त्याला पहिल्या बेसवर उभे राहायला शिकवले आणि खेळवले. पुढे बाद फेरीत ओकलंड हरले हेही खरे. कमी ताऱ्यांची माणसे नेहमी जिंकतात असे मला म्हणायचेच नाही.

माझे म्हणणे वेगळे आहे. अन्याय ताऱ्यांत नसतो. खेपा वाटण्यात असतो.

पाच ताऱ्यांचा खेळाडू महिनाभर अपयशी ठरला तर व्यवस्थापक म्हणतो, "थोडे दिवस वाईट आहेत, सावरेल." त्याच्या खेपा चालू राहतात, आणि बहुधा तो सावरतो. दोन ताऱ्यांचा खेळाडू आठवडाभर चुकला की बाकावर. तो सावरला असता की नाही हे कोणालाच कधी कळत नाही, कारण पुढच्या खेपाच झाल्या नाहीत. मीही माझ्या संघात हेच करत आले आहे. दोनतारी टिकला तो माझ्या न्यायबुद्धीने नव्हे; मला मैत्रिणीचा राग आला म्हणून.

बेसबॉलमध्ये माइक पियाझाची गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगतात. १९८८ साली नवे खेळाडू निवडताना लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाने त्याला ६२ व्या फेरीत घेतले. त्याच्या आधी १३८९ जणांची निवड झाली होती. १९९३ साली तो आपल्या लीगमधला उत्कृष्ट नवोदित ठरला, पुढे त्याने एकूण ४२७ होमरन मारले आणि २०१६ साली बेसबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्याला स्थान मिळाले. गोष्ट इथे संपवली की छान वाटते. पण तिचा एक भाग आपल्याकडच्या माणसाला चटकन कळेल असा आहे. डॉजर्सचे व्यवस्थापक टॉमी लसोर्डा हे पियाझाच्या वडिलांचे बालमित्र. त्यांच्या शब्दाखातर त्या पोराला घेतले होते. म्हणजे चक्क वशिला! वशिल्याने आलेला मुलगा अस्सल निघाला, याचा आनंदच आहे. पण त्या वर्षी ज्यांच्या वडिलांचा कोणी लसोर्डा मित्र नव्हता, त्यांच्यात दुसरा पियाझा नसेलच असे कोण म्हणेल? आणि आता तर ६२ वी फेरीच उरलेली नाही. २०२१ पासून ही निवड २० फेऱ्यांवर थांबते.

संधी म्हणजे यशाची हमी नव्हे, हेही सांगितले पाहिजे. २००८ साली आपल्याकडे चेंडू वेगाने फेकण्याची एक स्पर्धा झाली. तिच्यातून उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोघे भालाफेकपटू निवडले गेले. बेसबॉल त्यांनी कधी खेळलेला नव्हता. त्याच वर्षी पिट्सबर्गच्या संघाने त्यांच्याशी करार केला. वरच्या लीगपर्यंत दोघेही पोहोचले नाहीत. म्हणून त्यांना संधी देणे चुकले का? मला तसे वाटत नाही. पोहोचतील की नाही हे खेळवल्यावाचून कळण्याचा दुसरा मार्गच नव्हता.

आता घरची गोष्ट. माझा दादा दहावीला गणितात नापास झाला. बाकी सगळ्या विषयांत पास. जुलैमध्ये फेरपरीक्षा होती. पण तिच्यासाठी वेगळा अर्ज भरावा लागतो हे आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हते. आई-आप्पा शाळेत गेलेले नाहीत. पेरणीचे दिवस होते. निकालाचा कागद आप्पांनी घडी घालून पेटीत ठेवला आणि दादा तालुक्याच्या गावी गॅरेजवर कामाला लागला. आज तो मोटारसायकलचा नुसता आवाज ऐकून बिघाड कुठे आहे ते सांगतो. भाग सुटे मिळण्याची किंमत, मजुरी, उधारी हा सारा हिशेब तोंडी करतो. गणितात नापास झालेला माणूस! माझ्या खानावळीचे पैसे त्याच्याच हिशेबातून येतात. दादा पाच ताऱ्यांचा होता असा माझा दावा नाही. त्याला एकच खेप मिळाली एवढेच मी म्हणते. दुसरी खेप कागदोपत्री होती; ती आहे हे सांगणारा लसोर्डा घरात नव्हता.

ज्यांच्या घरी आधीच कोणी शिकलेले असते त्यांना खेपा आपोआप मिळत राहतात. एका परीक्षेत पडले तर शिकवणी लागते, शाखा बदलता येते, एक वर्ष थांबताही येते. आमच्यासारख्यांची पहिली चूक बहुतेक वेळा शेवटची ठरते. गुणपत्रिका दोघांनाही सारखीच मोजते, हे मान्य. पण ती एकाची पाचशे खेपांनंतरची असते आणि दुसऱ्याची पहिल्याच खेपेची.

हे सगळे लिहायला निमित्तही आहे. आपल्या महाविद्यालयात स्पर्धा परीक्षांचा मार्गदर्शन वर्ग चालतो. जागा ४०. यादी लागते ती बारावीच्या टक्क्यांवर, आणि एकदा लागलेली यादी तीन वर्षे बदलत नाही. माझे नाव तीत नव्हते. त्याची तक्रार करत नाही. ५१ टक्क्यांना कोणीही हेच उत्तर दिले असते. पण पहिल्या वर्षाचा निकाल हाती आल्यावरही यादी तीच राहावी, हे मला पटत नाही. माझ्या संगणकातल्या खेळात एक सोय आहे. संगणकाच्या ताब्यातल्या संघांनी खेळाडूचे मोल ठरवताना तारे किती मोजायचे आणि यंदाची, गेल्या वर्षीची, त्याआधीची कामगिरी किती मोजायची, याचे प्रमाण ठरवता येते. सगळे वजन ताऱ्यांवर टाकले तर दोनतारी जन्मभर बाकावर बसतो. सगळे वजन यंदाच्या कामगिरीवर टाकले तर दर वर्षी एखादा शेल्टन डोक्यावर बसतो. शहाणा माणूस मधले काहीतरी निवडतो आणि दर वर्षी पुन्हा पाहतो.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. ४० पैकी ३० जागा हव्या तर बारावीच्या टक्क्यांवर भराव्यात. १० जागा पहिल्या वर्षाच्या कामगिरीवर भराव्यात, आणि आत आलेल्यांना निदान एक सबंध वर्ष द्यावे. एका चाचणीवर बाहेर काढू नये. त्या दहांतले कदाचित सहा-सात पुन्हा आपल्या जुन्या जागी जातील. मीही त्यांत असू शकेन. पहिल्या वर्षीचा माझा तो पेपर ही नजर होती की नुसते दैव, हे आज मलाही सांगता येत नाही. वर्गातल्या त्या मुलीला उत्तर द्यायला माझ्यापाशी अजून पुरेशा खेपा नाहीत. पण उरलेले तीन-चार जण कोण, हे शोधायची दुसरी रीत कोणाला माहीत असेल तर त्यांनी ती जरूर सुचवावी.

दोनतारी आता एकोणतीस वर्षांचा झाला आहे. स्काउटने अजून त्याला अडीचच तारे दिले आहेत. मी त्याला रोज खेळवते.

आणि दिवाळीच्या सुट्टीत मी दादाला घेऊन त्याच्या जुन्या शाळेत गेले. पुनर्परीक्षार्थी म्हणून गणिताचा अर्ज भरून घेतला. दादा आधी हसला, मग लाजला, आणि मग अर्जावर सही करताना त्याने दोनदा हात पुसला, कारण बोटांना ऑइल होते. सध्या तो रात्री गॅरेज बंद झाल्यावर फोनवर मला गणिते विचारतो. पास होईल का? ठाऊक नाही. आठ वर्षांनी त्याची दुसरी खेप आली आहे, इतकेच मला ठाऊक आहे.

— द्वितीय वर्ष, कला